आधी सुटणारी गाडी

चहा संपला तसा धाकटा उठला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाला.

"कुठे निघालास? सिग्नल कुणी दिला तुला?" थोरल्याने खाटेवरून विचारलं.

धाकटा ओशाळला. बसमागून बस बदलत, हाडं खिळखिळी करून घेत तो आजारी भावाला न्यायला आला होता, आणि प्रवासाची, तब्येतीची विचारपूस होताच पाय आपसूक दाराकडे वळले होते. ह्याला धाकटा म्हणायचं ते फक्त नात्यानं. डोक्यावर केस औषधालाही उरले नव्हते. पण एवढं वय झालं तरी दोघे भाऊ एका खोलीत निवांत बसून बोललेत, असं दोघांनाही आठवत नव्हतं. त्यांचं बोलणं व्हायचं ते फलाटावर, उभ्याउभ्या, शिटी होईपर्यंत.

दोघेही लांबडीचे गार्ड. तिकिटावर तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी गाडी, म्हणून लांबडी. सुरू झाली तेव्हा वाफेची होती, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यांत कोळसा जायचा. मग डिझेल आलं. भरभराटीत तिला जेवणाचा डबा होता, टपालाचा डबा होता, आणि बाळंतपणं तर तिच्यात इतकी झाली की एखादी सुईणच नेमायला हवी होती. मग रस्ते रुंद झाले, घाईची माणसं विमानानं जाऊ लागली. आधी जेवणाचा डबा गेला, मग टपालाचा, मग एकेक करत बसायचे डबे. शेवटी फलाटावर एक कागद चिकटवला: पुढील सूचनेपर्यंत बंद. पुढची सूचना काही आली नाही. कार्यालयातली माणसं मेलेल्याला मेला म्हणत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

थोरला त्या टोकाकडे जाणाऱ्या गाडीवर असायचा, धाकटा ह्या टोकाकडे येणाऱ्या गाडीवर. घरंही तशीच दोन टोकांना. लाईन एकेरी, म्हणून पाळ्या जुळल्या की ह्याच आडगावच्या स्टेशनात दोन्ही गाड्या समोरासमोर थांबायच्या. थोरल्याची गाडी बाजूच्या लाईनवर, धाकट्याची मुख्य लाईनवर, मध्ये एकच फलाट. गार्डाचा डबा नेहमी शेपटाला, त्यामुळे दोघांचे डबे फलाटाच्या दोन टोकांना. दोघे लगबगीनं मधल्या नळापाशी यायचे. ख्यालीखुशालीला वेळ नसायचा, थेट बातमीच. मुलगी पास झाली. भिंत ओल धरते आहे. आईला डोळ्यांनी कमी दिसतं. शिटी झाली की दोघे उलट दिशांना पळायचे.

आणि प्रत्येक वेळी धाकट्याची गाडी आधी सुटायची. ती मोठ्या शहराकडे जाणारी, तिचा मान पहिला. निघताना त्याचा डबा थोरल्याच्या डब्याजवळून हळूहळू सरकत जाई. थोरला हिरवं निशाण धरून उभा असे.

निवृत्त झाल्यावर बायकोच्या मागे एकटा राहिलेला थोरला ह्याच गावात खोली घेऊन राहिला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. धाकट्याला कारण ठाऊक होतं, कारण त्याची गाडी आली की नळापाशी दादा उभा असायचाच. मग लांबडी बंद पडली आणि भेटीही बंद पडल्या. आता छातीचं दुखणं बळावलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"भाऊजींना घेऊनच या. एकटे आलात तर दार उघडणार नाही," बायकोनं धाकट्याला दम भरून पाठवलं होतं. पण खोलीत बसून विषय काढायचा कसा, इथेच धाकट्याचं घोडं अडलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी हवापाण्यावर वेळ मारून नेली. अखेर थोरलाच काठी शोधत म्हणाला, "चल, फलाटावर जाऊ. इथे तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय."

फलाटावर गवत वाढलं होतं. रूळ गंजले होते. नळाची तोटीसुद्धा कुणीतरी काढून नेली होती. तिथे पोचताच धाकट्याच्या तोंडून आपोआप निघालं, "दादा, आमच्याकडे चल. खोली रिकामी केलीये. ती वाट बघतेय."

"नाही."

"का पण? इथे तुझं आहे कोण?"

थोरल्यानं श्वास लागल्यावर नळाच्या ओट्यावर बूड टेकलं. "आई गेली ते तू मला इथेच सांगितलंस. आठवतं?"

धाकटा तोटी नसलेल्या नळाकडे बघू लागला.

"आई गेली म्हणालास, आणि पळालास."

"शिटी झाली होती, दादा."

"झाली होती. नव्हती झाली असं मी कुठे म्हणतोय? माझीही गाडी उभी होती. तुला निशाण दाखवलं, मग माझी घेऊन गेलो. मुक्कामाला पोचेपर्यंत रडता आलं नाही." रागाचा लवलेश त्याच्या आवाजात नव्हता, तेच धाकट्याला सोसेना. "जन्मभर तुझी गाडी आधी सुटली, छोट्या. मी मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत इथे उभा. माझ्यामागं कुणी उभं राहिलेलं मी कधी बघितलंच नाही. आता माझी आधी सुटणार आहे. मला कुठे नेऊ नकोस. तू फक्त उभा राहा."

धाकटा त्याच्या शेजारी ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. थोरला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ह्या वेळी शिटी व्हायची नव्हती.

संध्याकाळी खोलीवर येऊन धाकट्यानं बायकोला फोन लावला.

"निघालात का? भाऊजी येतायत ना?"

"नाही. मीच इथे थांबतोय."

ती हळूच म्हणाली, "किती दिवस?"

त्यानं खाटेकडे बघितलं. दादाचा डोळा लागला होता, छाती कष्टानं वरखाली होत होती.

"दादाची गाडी सुटेपर्यंत," तो म्हणाला, आणि पिशवीतले कपडे काढून खुंटीला अडकवू लागला.