निळ्या हातांची काकू

तिला सगळे मैनाच म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. पण दर रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढे उभं राहून पहिला सूर लावणं हे आपलं खरं काम, असं ती स्वतःच सांगायची. तो सूर कानावर पडला की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेही सावरून बसत.

मग तिच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. आवाज मात्र गेला. उरली ती नुसती घोगरी कुजबुज. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता परत येईल, गाण्याचं विसरा.

मैना कसली विसरतेय. जखम भरल्यावर पहिल्याच रविवारी ती पुढे जाऊन उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला निघालाच नाही. गाणारे गांगरून थांबले. पाळकसाहेबांनी चटकन प्रार्थना सुरू करून वेळ मारून नेली. बाहेर पडताना जो तो तिच्या खांद्यावर हात ठेवून हळहळला, आणि तेच तिला सोसवेना.

त्यानंतर रविवार आला की तिच्याकडे हटकून शिलाई उरलेली असायची. नवरा बस डेपोत मेकॅनिक. बरेच दिवस तो एकटाच चर्चला जात राहिला. एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "चल की. तू नसलीस की माझं बेसूर गाणं झाकायला कोणी उरत नाही. मंडळी बेजार झालीय."

ती हसली नाही. "देवाला द्यायला माझ्याकडे एकच चीज होती," ती कुजबुजली. "तीच गेली. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

आतल्या खोलीत नवऱ्याच्या आत्याबाई पडून होत्या. त्यांचे गुडघे कामातून गेले होते, कान मात्र तिखट. "मशीन बंद कर आणि इथे ये," त्यांनी हाक मारली. मैना त्यांच्या खाटेच्या कडेला टेकली.

"मी लहान होते तेव्हा चर्च नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "प्रार्थनेला जमायलाच सरकारची बंदी होती. प्रभूचं नाव सोडेना म्हणून माझ्या वडिलांना तुरुंगात टाकलेलं. आम्ही कापड रंगवायच्या कारखान्यात जमायचो, मागच्या शेडमध्ये, पिंपांच्या आडोशाला. भिंतीपलीकडे पहारा. खोकायचीसुद्धा चोरी."

"मग गात नव्हतात?"

"गायचो की. फक्त ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. रंगारीणकाकू समोर उभी राहायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे. त्या हातांनी ती चाल दाखवायची. वर, खाली, इथे थांब. तिच्या हातांकडे बघत सगळी शेड गायची. अशी कितीतरी वर्षं काढली. माझ्या आईचा गाता आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझं लग्न झालं होतं."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची तर. काकूलाही वाटायची. काहीजण यायचे बंद झाले. काकू मात्र आली. नवऱ्याला पकडून नेलं, त्या आठवड्यातही आली. म्हणायची, आपल्या आधीच्यांनी याहून वाईट दिवस काढलेत, आणि त्यांना ज्याने सांभाळलं तोच आपल्यालाही सांभाळतोय." आत्याबाईंनी मैनाचे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. "हे तर धड आहेत. देवाला ऐकू जायला आवाज लागतो, असं तुला कोणी सांगितलं?"

मैना उठून कामाला लागली. दिवसभर ती कॉलरना इस्त्री करत राहिली आणि मोकळा हात आपसूक हवेत चाल धरत राहिला. संध्याकाळी ती पाळकसाहेबांकडे गेली.

"ताई, उगाच दगदग होईल तुम्हाला," ते म्हणाले.

"मी गाणार नाही, सगळ्यांकडून गाऊन घेईन," मैना म्हणाली. "मला माझी जागा द्या."

सरावाला तिने गाणाऱ्यांना आधी ओठांनीच गायला लावलं. कोणी खुदकन हसलं, कोणी वैतागलं. ती हटली नाही. सगळ्यांचा श्वास एकत्र पडू लागला तेव्हाच तिने आवाज उघडायची खूण केली.

रविवारी तिच्या जागी पहिला सूर गाणाऱ्यांतल्या एका नर्सने लावला. तो ऐकताना मैनाच्या काळजात कळ उठली. पण दुसऱ्या कडव्याला पुरुष पुढे पळाले, तिचा डावा हात वर गेला आणि सगळे मुकाट्याने तालावर आले. तिचे ओठ हलत होते. गळ्यातून काही निघत नव्हतं, तरी आपण गातोय याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पुढे आवाज थोडा आला, नवऱ्याला दटावण्यापुरता. काही रविवार जड गेले, त्याही रविवारी ती गेली. नर्सला तिने आपल्या सगळ्या चाली शिकवल्या, हातचं काही राखून ठेवलं नाही.

एकदा नवऱ्याने डेपोतल्या दोघांना बोलावून आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं आणि अगदी पुढे बसवलं. गाणं सुरू झालं तशा आत्याबाई खणखणीत आवाजात गाऊ लागल्या, सगळ्यांच्या एक ओळ पुढे. मैनाने हाताने सबुरीची खूण केली. आत्याबाईंनी ती पाहिली, मान डोलावली आणि तशाच पुढे गात राहिल्या.