पांढऱ्याच्या पुढे

मेलेली जनावरे उचलणाऱ्या गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला, तशी सिस्टर फाटकासमोर जाऊन उभी राहिली. अंगावर रात्रपाळीचाच गणवेश होता, पायांत गमबूट.

"न्यायचीय ना घोडी?" तो खिडकीतून डोकावला. "मला पुढे दोन गाई उचलायच्यात."

"आधी बाकीचे बघतील. मग न्या."

"बाकीचे कोण?"

तिने मानेनेच खूण केली. कुरणातली बाकीची सगळी घोडी तारेला छाती लावून उभी होती.

"वा! त्यांच्या सह्यापण घेऊ का?"

म्हातारी घोडी शेडजवळ आडवी पडली होती. रात्रभर पोटात कळा आल्या, पहाटे डॉक्टरने इंजेक्शन देऊन तिला मोकळे केले. तिचा मालक प्लंबर बादली पालथी घालून बसला होता. कुरण सहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेले. ज्याची त्याची घोडी, गवत सगळ्यांचे.

"जाऊ द्या ना सिस्टर," प्लंबर म्हणाला. "माझ्याच्याने बघवत नाही."

"मग तिकडे तोंड करून बसा, भाऊ. ज्यांनी आपलं गेलेलं माणूस बघितलं नाही, ती माणसं वर्षभर दार वाजलं की दचकतात. हॉस्पिटलात रोज बघते मी."

सिस्टरचा जीव मात्र तिच्या घोड्यात, पांढऱ्यात, अडकला होता. त्याची दृष्टी जाऊन चार वर्षे झाली होती. म्हातारीच्या कुशीला नाक लावून तो पाण्यावर जाई, सावलीत येई, तारेआधी वळे. ती गेल्याचे कळले नाही, तर तिला शोधत तो तारेत घुसला असता.

तिने फाटक उघडले. तांबडी आधी आली. हुंगले, फुरफुरली, चरायला परतली. बाकीचीही तशीच आली, गेली. पांढऱ्याला सिस्टरने दोरीने धरून आणले. मानेपासून हुंगत तो कुशीपर्यंत पोहोचला, तिथे नाक टेकवले आणि रोजच्यासारखा उभा राहिला. म्हातारी चालू लागण्याची वाट बघत.

गाडीवाल्याने गुपचूप इंजिन बंद केले.

बऱ्याच वेळाने पांढऱ्याने मान वर केली आणि कुरणाच्या दिशेने तो एकदाच खिंकाळला.

म्हातारीला घेऊन गाडी गेली. ऊन चढले, बाकीची घोडी पाण्यावर निघाली. पांढऱ्या जागचा हलेना. सिस्टरने त्याचे नाक तांबडीच्या कुशीला लावून पाहिले. तांबडीने कान मागे पाडले आणि लाथ झाडली.

"तिला नकोय ही ब्याद," प्लंबर म्हणाला.

"कुणाला हवीय?"

"दोरीने न्या की त्याला."

"आणि मी ड्यूटीवर असताना? त्याचं त्याला मागे येता आलं पाहिजे. मग कुणाच्याही येईल."

"घरी जाऊन झोपा, सिस्टर. डोळे बघा तुमचे."

"पाणी पाजते न् जाते."

तिने दोरी सोडली. पांढऱ्याने तिचा गणवेश हुंगला आणि फिनेलच्या वासाने मान झटकली. ती पाठ फिरवून चालू लागली, गमबूट मुद्दाम आपटत. मागे काहीच हालचाल नव्हती. तिने हाक मारली नाही. म्हातारीने तरी कधी मारली होती?

वीसेक पावलांवर तिच्या पाठीला काहीतरी ओलसर, ऊबदार लागले आणि मागून असा रेटा आला की तिचा तोल जाता जाता राहिला. तिने पाय घट्ट रोवले. मग म्हातारीच्या चालीने, सावकाश, पुढे निघाली. पाण्याची टाकी अजून बरीच लांब होती.