दोन दिवसांपूर्वी

निर्मलाबाईंनी एकशे आठ दिवसांचं व्रत धरलं होतं. रोज सूर्य उगवला की मागच्या पिंपळाला पाणी घालायचं, मगच तोंडात घास. मोजणीला सोबत म्हणून मुलीनं, नूतननं, मोबाईलवर छोटासा प्रोग्राम करून दिला होता. पाणी घालून बटण दाबलं, की त्याला किती वेळ झाला ते तो सांगायचा.

आज मात्र त्या अंधारातच विसरवाडीला बहिणीकडे गेल्या. येताना बस हायवेवर अडकली. घरी खापरला पोचेपर्यंत वैशाखातलं मावळतीचं ऊन पिंपळाच्या शेंड्यावर गेलेलं. उपाशीपोटीच त्यांनी तांब्या भरला, सहज मोबाईल पाहिला आणि हात थबकला.

‘शेवटचं पाणी : २ दिवसांपूर्वी.’

म्हणजे काल चुकलं? बासष्ट दिवस वाया? त्यांना तर कालची सकाळ लख्ख आठवत होती. पण त्यांच्या आईलाही अखेरीस सगळं असंच लख्ख आठवायचं, आणि जेवण झाल्यावर ती पुन्हा ताट मागायची.

“नूतन, मन्हं डोकं जाग्यावर शे ना वं?”

घरूनच कंपनीचं काम करणारी नूतन लॅपटॉप घेऊन बाहेर आली. मोबाईल पाहून तिनं जीभ चावली.

“तुन्हं डोकं बरोबर शे, माय. मन्हंच चुकनं. याले दिवस समजत नही, नुसते सेकंद समजतस. काल सकायना सव्वासहाले पाणी घालं, आते सांजना साडेसहा. छत्तीस तासांवर गयं, म्हणजे दीड दिवस. दीडना पुढे दोन म्हण, असं मीच लिखेल शे.”

“अर्धा दिवस पदरचा घातला व्हय त्यानं!” निर्मलाबाईंचा जीव खाली पडला. मग त्या स्क्रीनवर वाकल्या. “त्याचा दिवस उगवस कधी?”

“उगवत नही. चोवीस तास भरले की झाला.”

“सूर्य न पाहताच?” त्यांना गंमत वाटली. “मग मधमा किती येळा सूर्य उगना, ते मोज म्हन त्याले.”

नूतन हसून तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मग बोटं चालली. मोबाईलवर आलं, ‘काल सकाळी.’

त्रेसष्टावं पाणी मुळाशी पडलं. निर्मलाबाईंनी हात जोडले, बटण दाबलं. ‘आत्ताच.’

“चल माय, भाकर थंड व्हयनी.”

“थांब वं,” त्या मोबाईलवरची नजर न काढता म्हणाल्या. “हे ‘आत्ताच’ किती वेळ ऱ्हास, ते पाहू दे.”