बसून तर बघा

आमच्या बाबांचं सोफ्यांचं दुकान आहे, आणि त्यांना गंडवणारा अजून जन्माला यायचाय असं त्यांचं ठाम मत आहे. गिऱ्हाईक आलं की ते आधी सगळ्यात महागडा सोफा दाखवतात. ते गार पडलं की जरा स्वस्तातला पुढे करून म्हणतात, "तुम्हाला म्हणून हा. बसून तर बघा!" माणूस बसला की सोफा खपला, हे त्यांचं शास्त्र. टरकतात ते फक्त एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाला. जे म्हणतं, "जरा उलटा करून दाखवा."

मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि तेही सरकारी विद्यापीठातच. तिथल्या प्रयोगशाळेतले दगड मी शाळेच्या सहलीत पाहिले होते, आणि तेव्हापासून माझा जीव तिथेच अडकला होता. पण बाबांना ते पटेल तर शपथ.

"एवढ्याशा फीत काय डोंबल शिकवणार? आम्ही बाकावर बसलो, तू तरी नीट बस."

खासगी कॉलेजच्या फीसाठी ते दुकानाचा पुढचा अर्धा भाग विकायला निघाले होते. "मग सोफे काय माझ्या डोक्यावर मांडणार?" आईने विचारलं. पण तिचं ऐकतो कोण!

शेवटी दोन्ही ठिकाणं बघायचं ठरलं. विद्यापीठात विभागप्रमुख बाईंनी आम्हाला लाकडी बाकावर बसवलं आणि दगडांनी भरलेले खण एकामागून एक उघडून दाखवले. मी हरखून गेले. बाबा मात्र चुळबुळत होते. "पाठ टेकायला साधी फळी नाही," एवढंच काय ते त्यांनी विद्यापीठात पाहिलं.

खासगी कॉलेजचा थाट काय वर्णावा! दारातच सुगंध, आत कोटातला सल्लागार. त्याने आधी परदेशवारीसकटचा अभ्यासक्रम दाखवला. बाबांचा चेहरा उतरला. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या मुलीसाठी म्हणून हा दुसरा. तुम्ही आधी बसा तर खरं."

बाबा सोफ्यात रुतले आणि सही करायला चक्क खिशातलं पेन चाचपू लागले. जगाला टोप्या घालणारा माझा बाप स्वतःच डोकं पुढे करून बसला होता. दगड गेले, दुकानही हातचं चाललं होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"सर," मी म्हणाले, "जरा उलटा करून दाखवा."

"काय?"

"तुमचं कॉलेज. प्रयोगशाळा दाखवा ना."

"ती पुढच्या वर्षी होईल. माहितीपुस्तिकेत चित्र आहे की!"

बाबांचा खिशातला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून सोफ्याच्या पोटाखाली हात घातला, इकडून तिकडे फिरवला, आणि ताडकन उठले.

"चल," ते माझा हात धरत म्हणाले. "हा आपल्याच दुकानातला आहे. आत नुसता पुठ्ठा आहे."