मधल्या खड्याखाली

"खडे काढ, याचे हात दुमड, मुशीत बसेल एवढा कर," विगमुंडकाका म्हणाला आणि क्रूस माझ्यापुढे टाकला.

टाकला म्हणजे खरंच टाकला. नॉर्थंब्रियाच्या लोकांकडून लुटून आणलेला, वीतभर सोनं, वर लाल खडेच खडे. आमच्या मर्सियाच्या राजाला तो वितळवून तलवारीची मूठ हवी होती.

"काका, क्रूस आहे तो. असा फेकतात?"

"मठात टिकली असतीस तर बिशपला विचारता आलं असतं तुला."

हा टोमणा रोजचा. दोन हिवाळे मी मठात अक्षरं गिरवली, मग मेणाची पाटी शिकवणाऱ्या बाईंच्या पायावर आपटली आणि पळून आले. मला एका जागी बसवतच नाही. त्यात आता परवावर आलंय काकाचं आईशी लग्न. बाबा तीन वर्षांपूर्वी नॉर्थंब्रियावर चाललेल्या सैन्याबरोबर गेला. नदी ओलांडताना मेला म्हणतात. मेलेला कुणी पाहिला? कुणीच नाही. काका माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

टोच्यानं मधला खडा उचकटला. खाली डांक होता. खडा झगमगावा म्हणून घालतात तो, नखाहून पातळ सोन्याचा पत्रा. त्यावर ठशानं उमटवलेल्या बारीक चौकटी. आणि कडेला हातानं ओढलेल्या रेघा.

माझा हात थांबला.

बाबा असंच करायचा. प्रत्येक कामात, मधल्या खड्याखाली, माझ्या वयाएवढ्या रेघा. "वरून बिशप बघतो, खालून देव," म्हणायचा. आई चिडायची, "देवाच्या वस्तूत पोरीचं वय कशाला कोरता हो?"

तो गेला तेव्हा मी अकराची होते. रेघा मोजल्या. चौदा. परत मोजल्या. चौदाच. आत्ता मी चौदाची आहे.

पत्रा मुठीत धरला आणि धूम ठोकली.

"ए गधडे! राजाचं सोनं आहे ते, हात तोडतील!" काका मागून ओरडला.

आई परसात चुलीवर लग्नाची बिअर ढवळत होती. "आत्ता नको हं तेट्टे, उतू जाईल."

"मोज."

"काय मोजू?"

"मोज म्हणते ना!"

तिनं हात पुसले, पत्रा उन्हात धरला. ओठ हलत होते. अकरावर थांबली. मग बारा, तेरा, चौदा. तिथंच चिखलात बसली.

"दुसऱ्या कुणी ओढल्या असतील गं."

"दुसऱ्या कुणाच्या घरी मी आहे का चौदा वर्षांची?"

"जिवंत आहे मेला," आई म्हणाली आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

काका धापा टाकत आला. हातात हातोडा तसाच. आईचं तोंड बघितलं, पत्रा घेतला, उजेडाकडे वळवला. त्याला दोनदा मोजावं लागलं नाही.

"केओलचाच, तुझ्या बाबाचाच हात," तो म्हणाला. "रेघ शेवटी डावीकडे वळते त्याची."

बिअर उतू गेली. कुणी हललं नाही.

"हा आईकडे राहू दे," मी म्हटलं.

"संध्याकाळी राजाचा माणूस वजन करणार."

"मग?"

त्यानं पत्रा आईच्या हातात ठेवला, तिच्याकडे न बघता, आणि भट्टीकडे परत फिरला. मी मागोमाग. क्रूसाचे उरलेले खडे काढून हात त्यानं स्वतःच दुमडले. चार घाव. माझ्या दातांत कळ गेली. मुशीत टाकला. मग कमरेच्या बटव्यातून अंगठी काढली. सोन्याच्या दोन तारा पिळून केलेली. अख्खा हिवाळा तो ती आईसाठी करत बसला होता, मी बघितलंय.

ती पण टाकली.

"एवढं कशाला, काका? पत्रा तर पिसाएवढा होता."

"भाता मार."

मारला. अंगठी आधी वितळली. क्रूस अजून उभाच होता.

"काका, नॉर्थंब्रियाला चालत किती दिवस लागतात?"

"भाता मार म्हटलं ना, तेट्टे."