चंपतरावांची सर्व्हिस

चंपतरावांची सर्व्हिस इतकी हळू यायची, की समोरचा माणूस तेवढ्यात कपाळाचा घाम पुसून घ्यायचा. रामदासपेठेतल्या टेनिस क्लबात त्यांच्याशी खेळणारे मनोहरराव तर नेटपलीकडून जांभई द्यायचे.

"येऊ द्या ना गा जोरात! मले उभ्या उभ्या झोप येऊन राहिली."

चंपतराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दोष रॅकेटचा, अशी त्यांची पक्की समजूत. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर ते आणखी एक नवी रॅकेट घेऊन आले, तेव्हा बायकोनं ती हातातून काढून कपाटावर ठेवून दिली. शामला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची.

"रॅकेटले काही झालं नाही," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या हातानं मारून राहिले. जोर पायातून अन् कमरेतून आला पाहिजे. पाय तर तुमच्यासोबत खुर्चीवर बसून बसून आळशी झाले."

"मी काय तुझ्या सातवीतली पोरगी आहो?"

"त्या ऐकतात माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सुरुवात झाली. आधी दोरीवरच्या उड्या. मग जुन्या फुटबॉलमध्ये रेती भरून तो डोक्यावरून एकमेकांकडे फेकायचा. शेवटी सायकलची ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवायची, खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं आणि ती खांद्यावरून सावकाश पुढे ओढायची. ट्यूब जेमतेम पुढे यायची आणि चंपतरावांनाच मागे खेचायची.

शेजारच्या कांताबाई कुंपणाशी थांबल्या. "शामलाबाई, भाऊजींले खिडकीले काहून बांधून ठेवलं वं?"

चंपतराव तडक घरात गेले. "बस झालं आता. सारी गल्ली हसून राहिली."

"हसू द्या. त्यांच्या घरी कोण टेनिस खेळते?"

पहिल्या आठवड्यात त्यांचा हात डोक्यापर्यंत जाईना. शामलानं त्यांचा भांग पाडून दिला, तोही जवळजवळ न हसता. पण मनोहररावांची जांभई आठवली की ते पुन्हा अंगणात उतरायचे. हळूहळू रेतीचा फुटबॉल हलका वाटू लागला. गुडघे आपसूक वाकू लागले, कंबर वळू लागली.

जानेवारीत क्लबाचे सामने झाले आणि नेमकी मनोहररावांशीच गाठ पडली. चंपतरावांनी चेंडू वर फेकला, अंग वळवलं आणि मारला. चेंडू चुन्याच्या रेघेवर आपटून थेट मागच्या जाळीत गेला. मनोहरराव जागचे हलले नाहीत.

"हे काय होतं गा?"

पुढच्या सर्व्हिसलाही तेच. अडचण एकच झाली. आपली सर्व्हिस चंपतरावांना इतकी आवडली, की मारल्यावर ते तिच्याकडे बघतच उभे राहू लागले. मनोहररावांनी कसाबसा परतवलेला चेंडू बाजूनं निघून गेला, की त्यांना जाग यायची. सामना मनोहररावांनी जिंकला. मात्र जाताना ते सामना बघायला आलेल्या शामलाला हळूच विचारून गेले, "वहिनी, मलेही शिकवाल का?"

परतताना स्कूटरवर चंपतरावांचं तोंड थांबेना.

"पहिली पाहिली का तू? रेघेवरची?"

"पाहिली."

"अन् ती कोपऱ्यातली?"

"ती पण पाहिली. आपण दोघं मिळूनच तर पाहून राहिलो होतो."

बोलणं ध्यानात आलं तसे चंपतराव हसू लागले. मग इतके हसले, की त्यांना स्कूटर बाजूला घ्यावी लागली.