सांजीमामाचे गुडघे

वसंत आला होता, पण स्वस्थता आली नव्हती. काल्मिक लोकांच्या त्या निर्वृक्ष, निःसीम माळावर ट्यूलिप फुलले होते, रक्तवर्ण, पीतवर्ण. आणि कॅस्पियनकडून येणारा वारा त्यांना क्षणभरही उभे राहू देत नव्हता. वारा गवतात, वारा धुळीत, वारा माणसांच्या बोलण्यात. असल्या वाऱ्यात भली माणसेही चिडचिडी होतात.

केर्मेनचे हात तर हिवाळ्यापासूनच तिचे ऐकेनासे झाले होते. कणीक मळताना थरथरत, धार काढताना पेटत, झोपेत कुणाचा तरी निखळलेला खांदा चाचपत. डॉक्टरांना काही सापडले नाही; गावाला मात्र केव्हाच उमगले होते. कुळातला गुण हाका मारत होता. तो घ्यावा लागतो, नाहीतर तो माणसाला आतून पोखरतो.

गुण होता सांजीमामाचा, तिच्या आईच्या भावाचा. मोडलेली हाडे, निखळलेले सांधे, अवघडलेल्या पाठी, साऱ्या माळाचे दुखणे त्या दोन हातांखाली निमूट होई. आता मामा थकला होता. हात जिवंतपणीच द्यायचे असतात, आणि दिले की देणारा रिता होतो. घेणाऱ्याने त्या हातांनी देणाऱ्यावर उपचार करायचा नाही, कधीच नाही. तशी रीतच होती.

केर्मेन अडली होती ती इथेच. पोरवयात, साऱ्या जमातीच्या सैबेरियातल्या हद्दपारीत मामाचे गुडघे गारठले ते गारठलेच. रोज दिवस मावळताना तो स्वतःच्याच तळव्यांनी त्यांना निजवी. तेवढाच त्याचा विसावा. तोही आपणच हिरावून घ्यायचा? तिचा जीव तुटे. लोकर कातरून होऊ दे, वासरे उभी राहू देत, असे म्हणत ती दिवस ढकलत राहिली.

मग एका दुपारी खारट दुधाच्या चहाची वाटी मामाच्या बोटांतून निसटली. त्याने सांडलेल्या चहाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“हे हात माझ्याबरोबर मातीत गेले, तर कुणाचेच राहणार नाहीत.”

“आणि तुमचे गुडघे, मामा?”

“दुखतील. दुखू देत, पोरी.”

तिने कोमट दुधात हात धुतले. तळव्याला तळवा भिडला. मामाने मंत्र पुटपुटला, बोटांवर श्वास सोडला. हिवाळ्यापासूनची थरथर थांबली, तो जाळ विझला. मामाचे हात त्याच्या मांडीवर उतरले, साधे, सुरकुतलेले, म्हातारे हात.

सूर्य कलला, आणि गुडघ्यांनी आपली वेळ ओळखली. सवयीने मामाने तळवे त्यांवर ठेवले. काहीच झाले नाही. तो खिडकीबाहेर पाहू लागला, अगदी सहज पाहिल्यासारखा.

पण केर्मेनला आता सारे कळत होते. कुठे शीर आखडली आहे, कुठे अंगठा टेकवावा, किती हलका, किती खोल. तिचे हात उठले, मामाकडे निघाले. तिने ते ओढून आपल्याच मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली, ओठ मिटून, डोळे मिटून. आणि तिच्या भाराखाली ते धडपडत राहिले, धडपडत राहिले.